जिप्सीचे पाटे आणि शॉकअप स्वतः बदलणे : क्रम, शंका आणि अनुभव

गायमुखकर (धागालेखक)

नमस्कार. माझ्या मारुती जिप्सी किंगचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसले आहेत आणि चारही शॉकअप बदलण्याच्या स्थितीला आले आहेत. मेट्रोचे काम सुरू झाल्यापासून घोडबंदर रस्त्याने ज्यांची रोजची ये-जा आहे, त्यांना ते कशाने झाले हे सांगायला नको. हे काम गॅरेजला न देता स्वतः करण्याचे ठरवले आहे. क्रम लिहून काढला आहे. जाणकारांनी तो तपासावा.

आधी निदान. पाटा गाडीचे वजन पेलतो, तर शॉकअप पाट्याची उसळी आवरतो. त्यामुळे गाडी एका अंगाला कलली असेल तर नवे शॉकअप लावून ती सरळ होत नाही, आणि खड्ड्यातून निघाल्यावर बराच वेळ डुलत असेल तर केवळ नवे पाटे टाकून ते डुलणे थांबत नाही. माझ्या गाडीत दोन्ही लक्षणे आहेत. सपाट फरशीवर, चारही चाकांत हवा सारखी करून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले तेव्हा मागची उजवी बाजू डावीपेक्षा जवळजवळ एक इंच खाली आढळली. गाडी बहुतेक वेळा एकट्या चालकानेच चालवलेली असल्याने उजवीकडचा पाटा आधी थकतो, हे ओघानेच आले. शॉकअपची नळी नुसती ओलसर नाही, तेलाने भिजून तिच्यावर धुळीचा थर बसला आहे. कोपरा दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन स्थिरावायला हवी. माझी त्यानंतरही खालीवर होत राहते.

कामाचा क्रम असा ठरवला आहे. गाडी जमिनीवर असतानाच सर्व नट थोडेथोडे सैल करायचे. मग मागची बाजू उचलून चासीखाली, पाट्याच्या पुढच्या कडीच्या (टोकाच्या गोल वळवलेल्या भागाच्या) थोडे पुढे, दोन घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावायच्या आणि दुसरा जॅक अ‍ॅक्सलखाली ठेवायचा. चाक, शॉकअप, यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे), शॅकल (पाट्याचे एक टोक चासीला जोडणारा हलता दुवा) आणि शेवटी कायम टोकाचा (दुसऱ्या, न सरकणाऱ्या टोकाचा) बोल्ट या क्रमाने सोडवत जायचे. एका वेळी एकच बाजू घ्यायची, म्हणजे दुसरी बाजू अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवते.

शंका तीन आहेत. जुने पाटे ठोकून त्यांना पुन्हा कमान द्यावी की नवे घ्यावेत? दोन इंच उंची वाढवावी का? आणि बुश (कडीच्या आत बोल्टभोवती बसणारे अस्तर) रबराचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे?

तुर्भेकर

पहिल्या शंकेपुरते लिहितो. आमच्याकडे ट्रक टर्मिनलच्या आसपास पाटे ठोकणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदरच आहे. ऐरणीवर पाटा सरकवत घणाच्या ठरावीक घावांनी ते जी कमान आणतात, ती पाहण्यासारखी असते. पण ठोकल्याने पाट्याचा आकार परत येतो, पोलादाचा थकवा जात नाही. लक्षावधी वेळा वाकून सरळ झालेल्या पाट्यात जिथे बारीक चीर सुरू झालेली असते, तिथे ती ठोकल्यावरही असतेच. त्यातून एखाद्याने पाटा भट्टीत लाल करून वाकवला आणि पुन्हा नीट पाणी दिले नाही, तर त्या पोलादाचा ताठपणाच जातो. ट्रकवाला ठोकून घेतो, कारण त्याला गाडी दुसऱ्या दिवशी भरायची असते. जिप्सीसाठी, नवा संच मिळत असताना, हा मार्ग मी सुचवणार नाही.

दुसरा सल्ला आपल्याला हमखास मिळेल तो ‘एक पाटा वाढवा’ हा. मागे कायमचे ओझे असेल, जसे जादा डिझेलचे कॅन, हत्यारांची पेटी, तंबू, तरच त्याचा विचार करावा. आपली जिप्सी पेट्रोलची आहे हे लक्षात आहे, कॅन कशाचेही असोत. रिकामी गाडी एक टनाच्या आसपासची. तिला एक पाटा वाढवला की छोट्या खड्ड्यावर पाटा वाकतच नाही आणि मागची चाके उड्या मारतात. मुरबाडकडच्या कच्च्या चढावर उडणारे चाक म्हणजे पकड गेलेले चाक. त्यामुळे पाट्यांची निवड उंची पाहून न करता गाडीत नेहमी किती वजन असते ते पाहून करावी.

नेरुळची

जागा कोणती धरली आहे, ते लिहिलेले नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर पेव्हर ब्लॉकवर घोडी थेट उभी करू नये. ब्लॉकखाली वाळू असते, घोडीचे चारही पाय वेगवेगळे खचतात आणि ते आपल्या लक्षात गाडी कलल्यावरच येते. प्रत्येक घोडीखाली जाड प्लायवूडचा चौकोनी तुकडा घ्यावा. हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे आपल्याला ठाऊक असणारच. तरीही धागा उद्या दुसरे कोणी वाचील म्हणून लिहून ठेवते. काढलेली चाकेसुद्धा चासीखाली आडवी सरकवून ठेवावीत.

आणखी एक मुद्दा जिप्सीवाल्यांच्या नजरेतून सुटतो. मागची चाके उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपतो, कारण तो मागच्याच चाकांवर चालतो. मग आपण गिअर आणि फोर-व्हील-ड्राइव्ह टाकून निर्धास्त होतो. पण पुढचे फ्री-व्हील हब मोकळे असतील तर पुढची चाके कशालाच जोडलेली नसतात आणि गाडी खुशाल सरकू शकते. त्यामुळे आधी हब लॉक करावेत आणि तरीही पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत.

आमच्या सोसायटीच्या समितीने वाहनदुरुस्तीला मनाई केलेली आहे. मी माझे काम रबाळ्याच्या एमआयडीसीत ओळखीच्यांच्या शेडमध्ये केले. तिथे सिमेंटची फरशी होती, वीज होती आणि मुख्य म्हणजे ग्राइंडरच्या आवाजाने कोणाची दुपारची झोप मोडत नव्हती.

वागळेकर

ग्राइंडरचा विषय निघालाच आहे तर खरी अडचण तिथेच येणार आहे. खाडीकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचा कायम टोकाचा बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतो. नट सुटतो, बोल्ट फिरतो, पण बाहेर येत नाही, कारण नळीच त्याच्याबरोबर रबरात फिरत असते. गंज सोडवणारा स्प्रे कामाच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी मारत राहावा. तरीही हलला नाही तर पाट्याची कडी आणि चासीचे कान यांच्यामधल्या फटीत पातळ चकती घालून बोल्ट दोन्हीकडून कापावा. पाटा जाणारच असल्याने त्याची चिंता नाही. चासीचा कान मात्र कापला जाता कामा नये. मागे पेट्रोलची टाकी जवळ आहे, तेव्हा गॅसची ज्योत लावण्याचा विचारही करू नये. ठिणग्यांचा रोख टाकीकडे जाणार नाही अशी ओल्या गोणपाटाचा आडोसा धरावा आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे.

यू-बोल्ट जुने वापरू नयेत. एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट पुन्हा आवळला तर तितकी पकड देईलच असे नाही, आणि त्याच्या आट्यांत गंज असेल तर पाना सांगतो तितका ताण बोल्टात पोहोचतच नाही. नवे करून घेताना थंड वाकवलेले घ्यावेत; तापवून वाकवणाऱ्याकडून घेऊ नयेत. सोबत नटही नवे घ्यावेत.

नवे पाटे घेताना सेंटर बोल्टपासून (संचातले पाटे एकत्र धरणाऱ्या बोल्टपासून) दोन्ही कड्यांपर्यंतचे अंतर टेपने मोजून जुन्याशी पडताळावे. सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर असतोच असे नाही, आणि पाटा उलटा बसला तर अ‍ॅक्सल तेवढाच पुढे-मागे जातो.

गायमुखकर (धागालेखक)

तुर्भेकरसाहेब, डिझेलच्या कॅनबद्दलचा चिमटा पोहोचला. ओझे फारसे नसते, त्यामुळे मूळ क्षमतेचेच नवे पाटे घेतो. नेरुळकर ताई, जागेबद्दल आपले म्हणणे पटले. कोलशेतला एका नातेवाइकांची गाळ्यापुढची सिमेंटची जागा मिळते आहे. शॉकअपच्या लांबीबद्दल मात्र कोणी लिहिलेले नाही. दुकानदार दोन मापे दाखवतो आणि ‘मोठे घ्या, ऑफरोडला चांगले’ म्हणतो.

कोपरीचा बाळ

दुकानदाराचे ऐकू नये. शॉकअपची दोन मापे महत्त्वाची असतात : पूर्ण दाबलेला असताना आणि पूर्ण ताणलेला असताना. अ‍ॅक्सल वर जाऊन रबरी बंप स्टॉपला टेकेल, त्या क्षणी शॉकअपमध्ये अजून थोडी जागा शिल्लक राहायला हवी. ती नसेल तर गाडीचा पूर्ण धक्का शॉकअपच्या आतल्या तळावर बसतो. दांडा वाकतो किंवा वरचा माउंट उपटून येतो. लांब शॉकअप घेतला की नेमके हेच होते, कारण त्याचे दाबलेले मापही मोठे असते. उलट शॉकअप आखूड असेल तर चाक खड्ड्यात लोंबकळताना सगळा ताण त्याच्यावर येतो.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. गाडी चाकांवर उभी असताना वरच्या माउंटपासून खालच्या माउंटपर्यंतचे अंतर घ्या. त्यातून बंप स्टॉप आणि अ‍ॅक्सल यांच्यामधली फट वजा करा. नव्या शॉकअपचे दाबलेले माप येणाऱ्या आकड्यापेक्षा बोटभर तरी कमी हवे. ताणाच्या बाजूला, चाक पूर्ण लोंबकळू दिल्यावर माउंटमधले अंतर किती होते ते पाहा आणि त्याच वेळी ब्रेकचा रबरी होजही पाहा. तो तंग होत असेल तर आधी होजची सोय करावी लागेल.

दोन नळ्यांचा साधा तेलाचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो आणि आतल्या नळीत हवा शिरलेली असते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ताणावा. सुरुवातीला मध्येच एक पोकळ टप्पा जाणवतो. तो गेला की हवा निघाली. हे शॉकअप उलटे बसवू नयेत. शॉकअप नेहमी एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बदलावेत, हे वेगळे सांगायला नको.

कळंबोलीचा

दोन इंच उंचीचे काय ठरले? शॅकल लांब केले की काम स्वस्तात होते, असे बरेच जण सांगतात.

तुर्भेकर

जिप्सीच्या पुढच्या पाट्याला शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, अ‍ॅक्सल पुढच्या अंगाला फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येण्याची ओढ कमी होते आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर जरा वेग घेतला की गाडी भटकू लागते. शिवाय ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांडीचा) कोन बदलल्याने स्टिअरिंग व्हील वाकडे राहते ते वेगळेच. पाटे अ‍ॅक्सलखालून काढून अ‍ॅक्सलवर नेणारेही आहेत. पण त्यात वेल्डिंग, प्रोपेलर शाफ्टचे कोन, स्टिअरिंगची जोडणी हे सगळे नव्याने करावे लागते आणि ते या धाग्यातले काम नव्हे.

नेरुळची

कायद्याची बाजूही नोंदवते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग टाकणे ही दुरुस्ती असते. उंची वाढवणे हा वेगळा विषय आहे, आणि अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षकही तो वेगळाच धरतो.

सानपाडा_थार

माझी २०२० नंतरच्या पिढीची थार आहे. हीच पद्धत मला चालेल का?

कोपरीचा बाळ

चालणार नाही. आपल्या थारला पाटे नाहीतच. चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत. पुढे डबल विशबोन आणि स्प्रिंगच्या आतून जाणारा शॉकअप आहे. ती जोडी सुटी करायची तर स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागतो. दाबलेल्या कॉइलमध्ये इतकी ताकद साठलेली असते की आकडा निसटला तर समोरच्या माणसाची धडगत नसते. तेवढे काम वर्कशॉपमध्येच करावे. २०१० ते २०२० च्या जुन्या सीआरडीई थारला मागे पाटे आहेत, त्यामुळे तिच्या मागच्या बाजूला हा धागा लागू पडतो. पुढे मात्र टॉर्शन बार (पिळातून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या) आहेत.

गायमुखकर (धागालेखक)

काम पूर्ण झाले. बहुतेक गोष्टी आपण सर्वांनी लिहिल्याप्रमाणेच घडल्या, म्हणून ज्या दोन ठिकाणी वेळ गेला त्यांबद्दलच लिहितो.

पहिले ठिकाण शॅकलचे. नव्या पाट्याला कमान जास्त असल्याने त्याच्या दोन कड्यांमधले सरळ अंतर जुन्या, बसलेल्या पाट्यापेक्षा कमी असते. कायम टोकाचा बोल्ट हाताने आत गेला, पण दुसरी कडी शॅकलच्या भोकापासून अंगठाभर पुढेच अडली. अशा वेळी पहारीने पाटा रेटण्यापेक्षा यू-बोल्ट हाताने फिरतील इतपत लावून घ्यावेत, सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलच्या गाळ्यात नीट उतरले आहे हे टॉर्चने पाहावे आणि मग अ‍ॅक्सलखालचा जॅक हळूहळू वर घ्यावा. वजन आले की पाटा सरळ होत लांबतो आणि कडी आपणहून भोकाकडे सरकत जाते. भोके जुळली की नाही ते पाहण्यासाठी बोट आत घालू नये, गोल सळई घालावी. जॅकचा एक हिसका बसला की ती दोन भोके कात्रीसारखी चालतात. आम्ही जुन्या स्क्रूड्रायव्हरची दांडी वापरली. ती एकदा चांगलीच चिमटली आणि तिथे बोट असते तर काय झाले असते, ते तिच्यावरच्या खाचेवरून कळते.

दुसरे ठिकाण शेवटच्या आवळणीचे, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव तिथे आहे. बुशचे बोल्ट गाडी घोड्यांवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. बोल्ट आवळला की रबर त्या स्थितीत पकडले जाते आणि त्यानंतर पाट्याची हालचाल रबराच्या पिळातूनच होते. चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते. गाडी काही दिवस उगाच उंच दिसते आणि बुश वर्षभरात फाटतात. त्यामुळे नट फक्त टेकवून ठेवले, चाके लावली, गाडी खाली घेतली, मागचा बंपर धरून चार-सहा वेळा खालीवर हलवली आणि मग खाली झोपून शॅकलचे, कायम टोकाचे आणि शॉकअपच्या बुशचे बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणले. यू-बोल्ट तेवढे आधी, तेही चौफुलीसारखे समोरासमोरचे नट आलटून-पालटून, चारही बाजूंना सारख्या आट्या बाहेर दिसतील असे आवळले. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर असतानाच एअर गनने सगळे नट कसले जातात, ते मी पूर्वी उभे राहून पाहिले आहे; हे काम स्वतः करण्याचे मुख्य कारण तेच होते.

बुश रबराचेच घेतले. पॉलियुरेथेनचे टिकाऊ असतात, पण पावसाळ्यातल्या चिखलानंतर त्यांना वेळोवेळी ग्रीस द्यावे लागते, नाहीतर ते कुरकुरतात, आणि मला रोजच्या वापरात तो व्याप नको होता. आता मागच्या दोन्ही बाजूंच्या उंचीतला फरक टेपवर जेमतेम दिसतो.

वागळेकर

उत्तम. यू-बोल्ट शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. नवे पाटे एकमेकांवर बसतात, त्यांच्यावरचा रंग दबतो आणि आवळलेला नट तितक्याने सैल पडतो. सैल यू-बोल्टवर गाडी चालवली की सगळा झोल सेंटर बोल्टवर येतो; तो तुटला की अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागच्या बाजूची उंची बदलल्याने हेडलाइटचा झोतही खाली उतरला असेल. भिंतीसमोर उभी करून तो लावून घ्यावा.

कळंबोलीचा

पाट्यांच्या मध्ये ग्रीस भरावे का? माझी गाडी पाटे बदलल्यापासून कर्रकर्र करते.

तुर्भेकर

साधे ग्रीस भरू नये. उघड्या पाट्यांत ते धूळ आणि वाळू धरून ठेवते आणि तीच वाळू पुढे पाटे घासत बसते. बसवण्यापूर्वी ग्रॅफाइटचा पातळ हात दिला असेल तर पुरे आहे. आपल्या पाट्यांच्या टोकांना पट्ट्या असतील तर त्या जागेवर आहेत का ते आधी पाहावे, कारण बहुतेक वेळा आवाज तिथूनच येतो. नसेल तर शॅकलचा नट पाहावा. थोडासा आवाज नव्या पाट्यांना काही दिवस राहतोच. पाट्यांमधल्या घर्षणानेही थोडी उसळी आवरली जाते, त्यामुळे ते घर्षण पूर्ण घालवण्याच्या मागे लागू नये.

नेरुळची

जुने शॉकअप भंगारात देताना ते गॅसचे आहेत का, हे भंगारवाल्याला सांगून द्यावे. आतला गॅस दाबाखाली असतो आणि ते लोक पाठीमागे गॅस कटर घेऊनच बसलेले असतात.

गायमुखकर (धागालेखक)

साधे तेलाचेच होते, तरी सांगून दिले. यू-बोल्ट तपासले, मागच्या उजव्या बाजूचे दोन नट पाव आटा फिरले, बाकीचे जागेवर होते. पुढचे पाटे अजून बरे आहेत, त्यामुळे पुढे फक्त शॉकअप बदलले आहेत. पुढच्या पाट्यांचे काम पावसाळा संपल्यावर घेईन, कारण तोपर्यंत कोलशेतच्या त्या जागेत पाणी साचलेले असते.